दोन रकान्यांचे चाचा

मंगळवार, २७ ऑक्टोबर १९९८. सकाळी पावणेसात, दौंड ऑफिस.
हजर: चाचा (जीप), आप्पा (टेप), नवे साहेब (पुढची सीट), मी (यादी आणि नोंदवही). गैरहजर: कोणी नाही. सोबत: पन्नास मीटरचा टेप, टेपाचं वजन, दोर, कुदळ, पाण्याचा कॅन, दिवाळीतला उरलेला चिवडा एक डबा.

जुनी नोंदवही हातात घेतली की हेच पान उघडतं, कारण त्यावर चिखल वाळून ते जाड झालं आहे. त्या दिवशी चाचांची जीप त्यांच्याकडे राहणार की जाणार हे ठरायचं होतं. आणि ते ज्या कागदावरून ठरायचं होतं, तो कागद मी पट्टी धरून, दुहेरी रेघा मारून, स्वतःच्या हातानं तयार केला होता. त्याकडे येतेच. आधी चाचा.

आमच्या छोट्या संस्थेचं काम एका वाक्यात सांगता येतं. विहिरीत टेप सोडायचा आणि पाणी किती खाली आहे ते लिहायचं. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या त्याच बासष्ट विहिरी. टेप सोडायला दोन मिनिटं लागत, विहिरीपर्यंत पोचायला उरलेला दिवस. बासष्टातली एकही डांबरी रस्त्याला लागून नव्हती. ज्यानं कुणी त्या निवडल्या त्यानं नकाशावर पेन्सिलीनं टिंबं दिली होती. टिंबाला वाट लागत नाही.

चाचा दौंडचे. तीन पिढ्यांपासून तिथले, वडील रेल्वेत इंजिनात कोळसा टाकायला होते. उंच, काटकुळे, दाढीला मेंदी, खिशात बडीशेप. जीपमध्ये मागे एक कडुनिंबाची काठी कायम. आप्पा वडगाव रासाईचे, घरचा ऊस, भाऊ सोसायटीत. आप्पांना पगाराची गरज नव्हती. घरात बसलं की भाऊ राजकारण ऐकवतो म्हणून ते टेप धरायला यायचे.

मी रुजू झाले त्या पहिल्याच फेरीत आम्ही कासुर्डीच्या डोंगराकडे गेलो. विहिरीकडे जायला एक ओढ्याची घळ चढायची होती. बैलाएवढे दगड. जीप एका दगडावर चढली, दुसऱ्यावरून उतरली, तिसऱ्यावर थांबली आणि तिचं मागचं एक चाक सावकाश हवेत गेलं. मी वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. चाचा बडीशेप चघळत होते. आप्पा पेपर वाचत होते.

"चाचा, उतरू का आम्ही?"

"का? पाय आखडले?"

"गाडी कलंडतेय."

"कलंडू द्या की. कलंडून कुठं जाईल? त्या बांधाला टेकंल. मंग आपण उतरू, ढकलू, चहा पिऊ. बसा तुम्ही."

आप्पांनी पेपराचं पान उलटलं. जीप कलंडली नाही. विहीर झाली, टेप झाला, मी आकडा लिहिला, आणि परत येताना आम्ही कालव्याच्या भरावावरच्या वाटेला लागलो. तळहातासारखी सपाट वाट. एकीकडे ऊस, दुसरीकडे भरलेला कालवा. मी दांडा सोडला आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

चाचांनी गाडी थांबवली. "उतरा."

"इथे?"

"हितंच. चालत या मागनं."

आप्पा आधीच उतरले होते. पेपरची घडी काखेत मारून ते निमूटपणे चालू लागले. पुढे रिकामी जीप गोगलगायीच्या वेगानं, उजवीकडचं दार सताड उघडं, चाचा अर्धे बाहेर. मागे आम्ही दोघं. कडेच्या वावरात खुरपणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यातली एक ओरडली, "काय ओ बाई, गाडी रिकामी आन् माणसं पायी? गाडीचं लगीन हाय का काय?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "नवरी लाजती, म्हणून हळू चालली."

मला या माणसाचं काहीच कळेना. पुन्हा गाडीत बसल्यावर मी विचारलं. कालवा पूर्ण मागे पडल्यावर चाचा म्हणाले, "अवघड येगळं आन् धोका येगळा, बाई. अवघड म्हंजी आपल्याला घाम. धोका म्हंजी घरी निरोप."

"पण ती वाट किती सोपी होती."

"सोपी हाय, तवाच तर. घळीत चाक चुकलं तर कुठं जातं? दुसऱ्या दगडावर. कालव्यावर चुकलं तर कुठं जातं?"

एवढा एकच प्रश्न ते प्रत्येक वाटेला विचारत. चुकलं तर कुठं? जमेल की नाही, हा प्रश्न ते नंतर विचारत, आणि त्यात त्यांना विशेष रस नसे. जमलं नाही तर ढकलू, खणू, दगड भरू, सांज होईल, झोपू. ढकलण्याची त्यांना जणू हौसच होती. मात्र चूक झाल्यावर जिथून परत येता येत नाही अशा वाटेवर ते माणसं बसू देत नसत. वाट कितीही गुळगुळीत असली तरी.

त्यांनी वाटांना मार्क दिलेले होते, पाचपैकी. दाराच्या आतल्या बाजूला खडूच्या रेघा असत, वरच्या ओळीत अवघड, खालच्या ओळीत धोका. पावसाळ्यात त्या पुसून जात आणि ते तोंडपाठ पुन्हा मारत. मला ते बघवेना. मी नोंदवहीत रकाने आखले: विहीर नंबर, वाट, अवघड, धोका, शेरा. चाचांना अक्षर फारसं येत नसे, आकडे उत्तम येत. ते वही उलटीसुलटी बघत म्हणाले, "झकास. पन एक हाय. मी पायानं चालून बघतो, मंग सांगतो, मंग लिवायचं. गाडीत बसून लिवायचं न्हाई."

"का? गाडीतून दिसतं की."

"गाडीतनं अवघड दिसतं. धोका गाडीतनं दिसत न्हाई. आन् चपला काढून बघायचं. पायाला कळतं ते चपलेला कळत न्हाई."

ते खरोखरच चपला काढून, काठी टोचत, पूर्ण वाट चालून जात आणि परत येत. आम्ही सावलीत बसत असू. आल्यावर दोन आकडे सांगत, त्यांच्याबद्दल चर्चा करत नसत.

एकदाच मी त्यांना पेचात पकडलं. यवतजवळ सोलापूर हायवेला लागलो की चाचा वेगळे होत. पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, बडीशेप बंद, बोलायचं नाही, आप्पांनी पेपरसुद्धा वाजवायचा नाही. हायवेला मार्क काय, विचारलं तर म्हणाले, "अवघड शून्य, धोका पाच."

मी म्हटलं, "तुमच्या नियमानं पाचला माणसं उतरवायची. मग यवतपासून चालायचं का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसता पुसता ते म्हणाले, "विचार केला मी. हायवेला उतरलं तर धोका सहा."

ही मार्कांची सवय वाटांपुरती नव्हती. लग्नातलं जेवण, सरकारी दवाखाना, आप्पांचे भाऊ, सगळ्यांना दोन दोन आकडे होते. स्वतःच्या संसाराला त्यांनी अवघड चार, धोका शून्य दिले होते. एका ईदला शीरखुर्म्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा त्याची दुसरी बाजू बघायला मिळाली. रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत पोचले, तर चाची, दोन सुना, एक मुलगा, शेजारची म्हातारी आणि एक शेळी असे सगळे घराबाहेर ओळीनं उभे. मला वाटलं आत काही बरंवाईट झालं.

"काय झालं, चाची?"

"काय हुयाचं हाय? सिलिंडर बदलतायत." चाचींनी पदर सारखा केला. "पंधरा वर्षं झाली. दर वेळंला समदं घर गल्लीत. शेळी बी. पोरं शाळंतनं आली आन् आम्ही भाईर दिसलो, की म्हनत्यात आज गॅस आला."

आतून चाचांचा आवाज आला, "बाई, तुम्ही बी मागं व्हा. शेळीच्या मागं."

"चाचा, रेग्युलेटर बसवणं किती सोपं आहे!"

"माहीत हाय! अवघड शून्य!"

खटका वाजला. मिनिटभर काही नाही. मग चाचा दारात आले, घाम पुसत, आणि म्हणाले, "या. ईद मुबारक."

तर असा हा माणूस, आणि १९९८ च्या सप्टेंबरात आमच्याकडे नवे साहेब आले. पुण्याचे, तरुण, इंजिनिअर, कामाला वाघ. वाईट नव्हते, हे आधीच सांगते. त्यांनी आल्या आल्या मागच्या फेऱ्यांचे तक्ते काढले आणि त्यांना दिसलं की आमची गाडी दिवसाला आठ-नऊ विहिरी करते, आणि दुसऱ्या तालुक्यातलं पथक चौदा करतं. मग त्यांना कुणीतरी गाडीच्या लग्नाची गोष्ट सांगितली.

त्यांनी मला बोलावलं. "हे चालक सपाट रस्त्यावर माणसं उतरवतात आणि दगडांत गाडी घालतात, हे खरं?"

"हो, पण त्याचं कारण..."

"कारण मी समजून घेईन. मंगळवारी मी स्वतः येतो. चौदा विहिरी झाल्या तर ठीक. नाही झाल्या तर भाड्याची गाडी लावू. त्यांना ऑफिसात बसवू, दारावर. वयही झालंय." मग म्हणाले, "तुमच्याकडे म्हणे सगळ्या वाटांची यादी आहे. ती मला द्या. पण दोन-दोन आकडे नकोत. एका वाटेला एक आकडा. म्हणजे लहान आकडा आधी घेता येईल."

चाचांना दारावर बसवणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. ऑफिसच्या दारावर अवघड काहीच नव्हतं, धोकाही नव्हता. तिथे ते चार महिन्यांत वाळून गेले असते.

म्हणून मी ती यादी अत्यंत मन लावून केली. यादी जितकी नेटकी तितकी चाचांची बाजू भक्कम, अशी माझी समजूत. एका वाटेला एक आकडा हवा, म्हणून मी सोपी गोष्ट केली. दोन्ही रकान्यांची बेरीज केली. लहानापासून मोठ्यापर्यंत क्रम लावला. निम्म्याच वाटांना मार्क होते, बाकीच्यांना कोरी जागा सोडली. दोन प्रती. एक साहेबांना दिली. चाचांना दाखवायचं सुचलं नाही. आकडे त्यांचेच तर होते.

मंगळवारी पावणेसातला निघालो. चाचांनी दाढीला ताजी मेंदी लावली होती. म्हणजे आप्पांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. नऊ वाजेपर्यंत नदीच्या अलीकडच्या चार विहिरी झाल्या. चाचांनी साहेबांना एकदाही उतरवलं नाही, कारण तशी वाटच आली नाही. साहेब खुशीत होते. त्यांनी चिवडा फिरवला. मग भीमा ओलांडून शिरूरच्या बाजूला जायची वेळ आली.

तिथे दोन वाटा होत्या. एक पाणंदीची, म्हणजे दोन्हीकडून बांध आणि मधे खोल गेलेली बैलगाडीची वाट, गुडघाभर चिखल आणि दगड. ती फिरून पुलाला मिळते. दुसरी बंधाऱ्यावरून थेट. बंधारा म्हणजे नदीत ओळीनं खांब, खांबांच्या मधे फळ्या लावून अडवलेलं पाणी, आणि वरून सिमेंटचा जेमतेम गाडी जाईल एवढा पट्टा. कठडा नाही. दुधाच्या मोटारसायकली, म्हशी, सायकलवरची पोरं, सगळी त्यावरून जातात. फळ्या नुकत्याच बसवल्या होत्या. एकीकडे काठोकाठ पाणी आणि जलपर्णी, दुसरीकडे दोन पुरुष खोल खडक. आम्ही दर वेळी पाणंदीनं जात असू.

साहेबांनी खिशातून यादी काढली. "पाणंद सहा. बंधारा पाच. बंधाऱ्यावरून घ्या."

चाचांनी बंधाऱ्याच्या तोंडाशी जीप थांबवली, किल्ली काढली, खिशात टाकली. "उतरा साहेब."

"का?"

"बंधारा हाय."

"सपाट आहे."

"व्हय."

"गाडी बसते त्यावर."

"आरामात बसती."

"मग अडचण काय आहे?"

"अडचन कायच न्हाई साहेब. म्हणूनच उतरा. मी पायानं बघून येतो. पट्ट्यावरचं पानी चार दिसांमागंच उतरलंय, गाळ असंल. मंग ठरवू."

"हे बघा," साहेब आवाज न चढवता म्हणाले, "हे मी म्हणत नाही. तुमच्याच बाईंनी लिहिलंय. तुमच्याच मार्कांवरून. पाच म्हणजे सहापेक्षा सोपं."

चाचांनी कागद घेतला. आकड्यांवरून बोट फिरवलं. "बाई, ह्यो पाच कसला?"

"बेरीज आहे, चाचा."

"कशाची?"

"अवघडची आणि धोक्याची."

आप्पांनी पेपर खाली ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना तो आपणहून खाली ठेवताना पहिल्यांदा पाहिलं. चाचा माझ्याकडे रागानं बघत नव्हते. भर बाजारात उलटा सदरा घालून आलेल्या एखाद्या शहाण्या माणसाकडे बघावं, तसं बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही मीठ आन् साखर एका डब्यात भरली. आन् वर लेबल लावलं, पाच किलो."

पाणंदीचे अवघड पाच, धोका एक. बंधाऱ्याचे अवघड शून्य, धोका पाच. मी स्वतःच लिहिलेले आकडे, आणि बेरजेनंतर जिवावरची वाट एका मार्कानं सोपी ठरली होती. पट्टी धरून.

साहेबांना यातलं मीठ-साखर काही पटलं नाही. ते उतरले. "मी चालून दाखवतो. पोरं सायकलवर जातात इथून." आणि बुटांनिशी, यादी हातात घेऊन, निघालेसुद्धा.

"साहेब, बूट काढा!" चाचा ओरडले.

साहेबांनी न बघता हात हलवला. ते चांगले चालत होते, हे मान्य केलं पाहिजे. दहा पावलं, वीस पावलं. वरून वाळलेला, तडे गेलेला गाळ दिसत होता, त्याच्या खाली काय आहे ते दिसत नव्हतं. बरोबर मध्यावर त्यांचा उजवा पाय पुढे गेला, डावा त्याच्या मदतीला गेला, आणि साहेब खाली बसले. पडले असं म्हणता येणार नाही. बसले. दोन्ही तळवे टेकलेले, पाय खडकाच्या बाजूला सरळ, टाचांच्या पुढे कड फुटभर. यादी हातातून सुटली, पाण्यावर उतरली आणि जलपर्णीत जाऊन अडकली.

"साहेब बसले," आप्पा म्हणाले.

साहेब ओरडले नाहीत. हललेही नाहीत. ऊठ म्हटलं तर उठता येईना, कारण टेकलेला प्रत्येक अवयव हळूच घसरायला बघत होता.

चाचांनी चपला काढल्या. काठी घेतली. दोराचं एक टोक आप्पांच्या हातात दिलं, दुसरं कमरेला बांधलं. मी पण निघाले तर म्हणाले, "तुम्ही हितंच. बेरीज वाढवू नका." मग पावलापुढे पाऊल, टाच टेकवून, बोटं रोवून, मध्यापर्यंत गेले, आणि साहेबांच्या शेजारी, पाण्याच्या अंगाला, ऐसपैस मांडी घालून बसले. जणू दोघं पारावर बसले आहेत. नदीवर आवाज लांब जातो. आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"किती अवघड हाय, साहेब?"

"काहीच नाही," साहेब म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "नुसतं चालायचं होतं."

"आन् धोका?"

साहेबांनी मान न हलवता नुसते डोळे खाली, टाचांपुढच्या कडेकडे वळवले.

"पाच."

"आधीच पाच हायेत. वाढवायचे?"

"नको."

"मंग बूट काढा. सावकाश. बडीशेप घ्या आधी."

साहेबांनी बडीशेप घेतली. एक बूट निघाला, दुसरा निघाला. मग काठीचं एक टोक चाचांच्या हातात, दुसरं साहेबांच्या, असे दोघं अनवाणी परत आले. बूट चाचांच्या काखेत होते. पलीकडच्या काठावर एक दूधवाला मोटारसायकल थांबवून हे सगळं बघत होता. तो त्यानंतर गाडी ढकलत, चालत आला. मी तेव्हाच पाहिलं की त्यानंही चपला काढून हँडलला अडकवल्या होत्या.

साहेब जीपमध्ये बसले. दोन-तीन मिनिटांनी म्हणाले, "पाणंदीनं घ्या."

पाणंदीत जीप रुतली ती दीड तास. काठी, कुदळ, दगड, उसाचं पाचट, सगळं चाकाखाली घालून झालं. साहेबांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून मागून जोर लावला आणि चाकानं उडवलेला चिखल छातीवर घेतला. नोंदवही माझ्या हातात होती, तिच्यावर आला तो हाच. चाचा खिडकीतून मान काढून विचारत होते, "काय साहेब, किती?" आणि साहेब मागून ओरडत होते, "अवघड पाच! सहा!" आणि हसत होते. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं. गाडी निघाल्यावर बांधावर बसून आम्ही उरलेला चिवडा संपवला. चौदापैकी सात विहिरी झाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी शेरा लिहिला. माझ्याकडे त्याची प्रत आहे. दोनच वाक्यं: "चालकास वेळ लागतो. लागू द्यावा." खाली मला सूचना होती की यादी पुन्हा करावी, रकाने दोन ठेवावेत, बेरीज करू नये, आणि कोरी राहिलेली प्रत्येक वाट चालकानं पायी बघितल्यावरच आकडा भरावा.

ते काम आम्ही पुढचे चार हंगाम करत होतो. दर फेरीत सात-आठ वाटा. चाचा चालायचे, यायचे, दोन आकडे सांगायचे. दारावरच्या खडूच्या रेघा त्यांनी बंद केल्या. वहीवर विश्वास बसला होता असं मला वाटायचं. नंतर आप्पांनी सांगितलं की ते रोज सकाळी वही उघडून तिसरा रकाना आला नाही ना, एवढं बघून ठेवायचे.

चाचांच्या नोकरीचा शेवटचा दिवस शनिवार होता. एकसष्ट वाटा भरल्या होत्या. राहिली होती त्रेचाळीस नंबरची, कासुर्डीच्या डोंगरामागची. आधीच्या पावसाळ्यात तिथली जुनी वाट वाहून गेली होती आणि शेतकऱ्यानं टेकडीच्या कडेनं नवीन पाडली होती. दुपारी आम्ही तिथे पोचलो. निरोपाचा कार्यक्रम पाच वाजता दौंडला, आणि त्याची यादी माझ्या पर्समध्ये: शाल, नारळ, हार, पेढे, खुर्च्या तीस, भाषण साहेब, भाषण मी, फोटो.

चाचांनी गाडी थांबवली, पण उतरले नाहीत. गुडघा चोळत म्हणाले, "ह्याचा मार्क तुम्ही द्या, बाई."

मी वाट बघितली. दगड, एक वळण, थोडा चढ. "अवघड तीन."

"बराबर. आन् धोका?"

"एक?" मी म्हटलं.

"बसून?"

मी घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते. दौंडपर्यंत दीड तास, हार अजून घ्यायचे होते.

"चाचा, उशीर होईल. शाल, पेढे, सगळं..."

"शाल उद्या बी गरम असती."

"सोमवारी येऊ ना आपण. पक्कं."

चाचांनी किल्ली फिरवली. "सोमवारी मी न्हाई, बाई," ते म्हणाले. "पन तुमाला जमंल. अवघड काय न्हाई त्यात."

कार्यक्रम वेळेवर झाला. यादीतल्या सगळ्या गोष्टींवर खूण झाली. सोमवारी पुण्यात मीटिंग निघाली. पुढच्या फेरीला नवीन ड्रायव्हर आला, तो कुणाला कुठेच उतरवायचा नाही. मी त्याला वही दिली आणि दोन रकाने समजावले. त्रेचाळीसच्या वाटेनं गेलो तेव्हा आम्ही गाडीतच बसून गेलो. काही झालं नाही. पण काही झालं नाही म्हणून आकडा भरता येत नाही, एवढं मी शिकले होते. पुढे संस्थेचं काम संपलं.

चाचा मात्र दौंडात भेटत राहिले. कधी भाजीबाजारात, कधी स्टेशनच्या पुलावर. सलाम नाही, कशा आहात नाही. लांबून काठी वर करायचे आणि विचारायचे, "त्रेचाळीस?"

"राहिलंय, चाचा."

"हं."

माझ्या मुलीच्या लग्नात, स्टेजवर, नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता टाकता टाकता त्यांनी तेच विचारलं. फोटोग्राफरला वाटलं, फोटोचा नंबर विचारतायत. त्यानं सांगून टाकलं, "बेचाळीस झाले, चाचा."

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. त्यानंतर काही महिन्यांनी चाची बाजारात दिसल्या. वाकल्या होत्या, सुनेच्या हाताला धरून चालत होत्या. मला बघितल्यावर थांबल्या.

"बाई, त्रेचाळीस झालं का?"

"तुम्हाला कसं माहीत, चाची?"

"मला काय बी माहीत न्हाई. ते सांगून ठेवायचे, बाई दिसल्या की येवढं विचारायचं." त्यांनी सुनेकडे बघितलं. "हिला बी सांगून ठेवलंय. काय असतं ते?"

मी सांगितलं, एक वाट आहे, कासुर्डीकडे. चालून बघायची राहिली आहे.

"लई अवघड हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "तीन."

घरी आल्यावर वही काढली. पान उघडलं ते चिखलाचंच, मग शोधून त्रेचाळीसवर आले. माझ्या आत्ताच्या कामांच्या यादीत ते पहिल्या ओळीवर उतरवून घेतलं आहे. वीज बिल, गॅसचा नंबर आणि डोळ्यांची तपासणी, तिन्ही त्याच्या खाली, आणि तिन्हींवर खूण झाली आहे. ही ओळ तेवढी आहे:

४३. कासुर्डी, डोंगरामागची विहीर. अवघड: ३. धोका: चपला काढून बघणे.